टॅक्स नाही, इन्शुरन्स नाही, एमओटी पण संपली: अशी गाडी थेट विकायची कशी? (यूके)

रेडिंगकर_ओंकार

नमस्कार मंडळी,

प्रश्न यूकेतल्या लोकांसाठी आहे, बाकीच्यांनीही यावं, गंमत बघायला मनाई नाही.

माझी २०१२ ची डिझेल हॅचबॅक गेले बरेच महिने बिल्डिंगमागच्या पार्किंगमध्ये आमच्या नंबरच्या जागेत नुसती उभी आहे. काम घरूनच चालतं, लंडनला न्यावी तर यूलेझचे (जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांवरचा शुल्क) दिवसाला साडेबारा पाउंड, म्हणून शेवटी सॉर्न करून टाकली, म्हणजे गाडी रस्त्यावर वापरत नाही अशी सरकारकडे नोंद. इन्शुरन्स संपला तो परत घेतला नाही, त्यात मध्ये एमओटीही (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) संपली. आता आम्ही नॉटिंगहॅमला चाललोय, तिकडे रस्त्यावरचं परमिट पार्किंग आहे, म्हणजे सॉर्नवाली गाडी तिथे ठेवताच येणार नाही. तेव्हा विकायचीच आहे.

गाड्या घेणाऱ्या एका वेबसाइटवर भाव काढला तर तो बघून वाटलं यांना गाडी नकोय, टाकीतलं डिझेल हवंय. म्हणून थेट कुणाला तरी विकायचं ठरवलंय. पण टॅक्स आणि इन्शुरन्स नसलेली गाडी विकणं कायद्यात बसतं का? बघायला आलेला माणूस जरा चालवून बघतो म्हणाला तर काय सांगायचं? आणि घेतलीच तर तो नेणार कशी? बायको म्हणते थोड्या दिवसांचा टॅक्स आणि इन्शुरन्स भर आणि मोकळा हो, मी म्हणतो जी वस्तू काढायची तिच्यावर आणखी पैसे कशाला घालायचे. घरात एक विरुद्ध एक असं अडकलंय, निकाल तुम्ही लावा.

केंटचा_केशव

बिनधास्त विका. कायद्याचा आक्षेप गाडी विकण्याला नाही, ती रस्त्यावर आणण्याला आहे.

बंड्या

निकाल: वहिनी बरोबर. धागा बंद करायला हरकत नाही.

स्लाउची_सून

बंड्या, वहिनी बरोबर असत्या तर बरं झालं असतं पण इथे गाडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय. एमओटी नसेल तर टॅक्स भरताच येत नाही. साइटवर नंबर टाकला की सिस्टिम आधी एमओटी आहे का बघते, नसेल तर तिथूनच परत पाठवते. म्हणजे ओंकारना भरायचा असला तरी भरता येणार नाही, आधी एमओटी.

रेडिंगकर_ओंकार

@स्लाउची_सून, हे माहीतच नव्हतं. आणि एमओटीला न्यायची तर गाडी रस्त्यावर काढायला लागणार, रस्त्यावर काढायची तर टॅक्स हवा, आणि टॅक्सला एमओटी हवी. वा.

स्लाउची_सून

नाही नाही, तेवढी सोय ठेवलेली आहे. आधी बुक केलेल्या एमओटीला जायला आणि तिथून परत यायला टॅक्स नसला तरी चालतो, सॉर्न असली तरी चालतं. बुकिंग मात्र खरं हवं, गॅरेजचा मेसेज किंवा ईमेल फोनमध्ये ठेवा कारण कॅमेऱ्याला एवढंच दिसतं की गाडीला टॅक्स नाही. आणि वाटेत दुकानात थांबून दूध घेतलं वगैरे प्रकार नकोत. सॉर्नवाली गाडी दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी रस्त्यावर सापडली तर दंड अडीच हजार पाउंडांपर्यंत जाऊ शकतो.

इन्शुरन्सला मात्र ही सवलत नाही. एमओटीला नेताना पण इन्शुरन्स लागतोच. एका दिवसाचा किंवा काही तासांचा मिळतो, पण घेताना अटी वाचा, एमओटी संपलेल्या गाडीबद्दल काही लिहिलंय का ते बघा.

देसाईकाका_हॅरो

ओंकार, थोडं मागून सांगतो म्हणजे सगळा गोंधळ एकदाच सुटेल.

पूर्वी इथे काचेला आतून गोल कागद लावायचे, टॅक्स डिस्क. गाडी विकताना त्यावरचे उरलेले महिने गाडीबरोबर जायचे आणि जाहिरातीतही लोक "अमुक महिने टॅक्स शिल्लक" असं लिहायचे. १ ऑक्टोबर २०१४ पासून ते सगळं बंद झालं. आता गाडी विकली की टॅक्स तिथेच संपतो, विकणाऱ्याला उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे डीव्हीएलए (गाड्यांची नोंदणी ठेवणारं सरकारी खातं) आपोआप परत पाठवतं आणि घेणाऱ्याने गाडी हलवायच्या आधी स्वतःच्या नावाने नवा टॅक्स भरायचा. त्यामुळे "टॅक्स नसलेली गाडी" ही काही डागाळलेली वस्तू नाही, विक्रीच्या क्षणी घेणाऱ्यासाठी प्रत्येक गाडी बिनटॅक्सचीच असते. तुमचा टॅक्स असता तरी त्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

यात सरकारची एक मेख आहे. विकणाऱ्याला परत मिळतात ते फक्त पूर्ण महिने, आणि घेणाऱ्याचा टॅक्स सुरू होतो त्या महिन्याच्या एक तारखेपासून. महिन्याच्या मध्यात गाडी विकली तर त्या एका महिन्याचे पैसे दोघांकडून घेतले जातात. म्हणून शहाणा माणूस महिनाअखेरीला विकतो आणि एक तारखेला घेतो, आणि दोन शहाणे समोरासमोर आले की सौदा होत नाही.

सॉर्नचंही तसंच. ते तुमच्या नावावर आहे, गाडीबरोबर जात नाही. घेणाऱ्याला गाडी उभीच ठेवायची असेल तर त्याने त्याचं वेगळं सॉर्न करायचं. फुकट आहे, एकदा केलं की दरवर्षी करावं लागत नाही. पण केलंच नाही आणि टॅक्सही नाही तर ऐंशी पाउंडांच्या दंडाचं पत्र येतं.

मुठेकाठी

मी पुण्यात असतो, उगाच डोकावतोय. आमच्याकडे टॅक्स गाडी घेतानाच एकदाच भरतात आणि इन्शुरन्स गाडीबरोबर जातो, नंतर नाव बदलून घ्यायचं. तुमच्याकडे दर विक्रीला शून्यापासून सुरुवात? कठीण आहे.

देसाईकाका_हॅरो

@मुठेकाठी, उगाच नाही, मुद्द्याचं बोललात. भारतातून नवीन आलेली मुलं नेमकी इथेच फसतात. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ आहे, गाडीची मालकी बदलली की विमा नव्या मालकाच्या नावे गेला असं धरतात आणि त्याने चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं. इथला रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टही योगायोगाने १९८८ चाच, पण इथे विमा घेणाऱ्याच्या नावाला चिकटलेला असतो, गाडी दुसऱ्याची झाली की तुमच्या पॉलिसीचा त्याला काही फायदा नाही. पोरं म्हणतात मालकाकडे इन्शुरन्स होता ना, मी घरापर्यंतच तर आणली. त्या घरापर्यंतच्या रस्त्यावर नंबर वाचणारे कॅमेरे असतात.

वेगवान_वसंत

एवढं काय घाबरवता राव. घेणाऱ्याकडे स्वतःच्या गाडीचा फुल कॉम्प्रिहेन्सिव्ह असला की तो कुठलीही गाडी चालवू शकतो. मी मित्राची गाडी अशीच चालवतो. टेस्ट ड्राइव्हचा प्रश्न संपला.

अनघा_लीड्स

वसंतराव थांबा. मी मोटर क्लेम्समध्ये काम करते आणि हे वाक्य फोनवर इतक्या वेळा ऐकते की आता घरीही ऐकू येतं.

"दुसऱ्याची गाडी चालवणे" हे कव्हर प्रत्येक कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये नसतं. पूर्वी बऱ्याच पॉलिसींमध्ये सर्रास असायचं, आता सर्टिफिकेटवर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच आहे असं समजा. पंचवीसच्या आतल्यांना साधारणपणे देत नाहीत. जिथे आहे तिथेही ते फक्त थर्ड पार्टी असतं, म्हणजे ओंकारची गाडी खांबाला घासली तर त्याला छदाम मिळणार नाही. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे बऱ्याच पॉलिसींमध्ये अट असते की ती दुसरी गाडी स्वतः कुणाच्या तरी नावाने इन्शुअर्ड हवी. ओंकारची गाडी कुणाच्याच पॉलिसीवर नाही. बहुतेक ठिकाणी गाडं इथेच अडतं. शिवाय स्वतःच्या मालकीच्या गाडीला ते कव्हर लागू नसतं, म्हणजे पैसे दिल्यावर घरी नेताना त्याचा काहीच उपयोग नाही.

आता ओंकारसाठी. विनाविमा गाडी चालवणाऱ्याला जागेवर तीनशे पाउंड दंड आणि लायसन्सवर सहा पेनल्टी पॉइंट, गाडी जप्त होऊ शकते, कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही. पण इथल्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या कलम १४३ मध्ये फक्त चालवणारा नाही, चालवू देणाराही येतो. तुम्ही किल्ली दिलीत, तो विनाविमा चालवताना सापडला, तर तुमच्याही लायसन्सवर पॉइंट. त्या नोंदीचा कोड आयएन१४, चार वर्षं राहते. त्यानंतर तुमचा स्वतःचा प्रीमियम बघून तुम्हाला सायकल घ्यावीशी वाटेल.

वेगवान_वसंत

माझं सर्टिफिकेट काढून बघितलं. त्यात तसं काही लिहिलेलं नाही. मित्राला फोन करतो.

बंड्या

मित्राला फोन चालत करा.

गोरेगाव_ते_ग्लासगो

पण बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये फिरवली तर? ती तर खाजगी जागा आहे.

अनघा_लीड्स

खाजगी असून उपयोग नाही, कायद्यात "रस्ता किंवा सार्वजनिक जागा" असं आहे. फाटक असलेलं, फक्त रहिवाशांचं पार्किंग असेल तर गोष्ट वेगळी. पण जिथे कुरिअरवाले, पाहुणे, शॉर्टकट मारणारे सगळे येतात ती जागा सार्वजनिक धरली जाऊ शकते. आणि कायदा राहू द्या, विम्याशिवाय शेजाऱ्याच्या गाडीला ठोकर बसली तर बिल कुणाच्या खिशातून?

केंटचा_केशव

व्यवहारात काय करायचं ते सांगतो, आमच्या घरातल्या दोन जुन्या गाड्या मी सॉर्नवरच विकल्यात.

जाहिरातीतच सरळ लिहायचं: सॉर्न आहे, एमओटी नाही, टेस्ट ड्राइव्ह मिळणार नाही, ट्रेलर किंवा रिकव्हरी ट्रक घेऊन या. गाडी ट्रकवर चढली की तिला स्वतःचा टॅक्स इन्शुरन्स काही लागत नाही. दोराने ओढून नेतो म्हणणाऱ्याला मात्र हात जोडा, चाकं रस्त्यावर टेकली की ती रस्त्यावर चालवलेली गाडीच. अशा जाहिरातीला फोन कमी येतात पण जे येतात ते गाडीतलं कळणारे असतात, बॉनेट उघडतात, थंड इंजिन सुरू करायला सांगतात, धूर बघतात, जागच्या जागी क्लच सोडून बघतात आणि भाव बोलतात.

त्याआधी बॅटरीचं बघा. इतके महिने उभी म्हणजे ती गेलेली असणार. जंप देऊन दाखवलेली गाडी बघून माणूस लगेच भाव पाडतो. चार्जर लावून रात्रभर भरून घ्या, टायरमध्ये हवा भरा, ब्रेक डिस्कवर गंज धरून चाकं धरली असतील तर जागेवर पुढेमागे करून सोडवून ठेवा. आणि खिडक्यांच्या रबरात हिरवं शेवाळ आलं असेल ते जुन्या टूथब्रशने काढा. शेवाळ बघून माणसाला वाटतं आतही असंच असेल.

स्लाउची_सून

आतही असंच असतं. आमची सॉर्नवाली हिवाळ्यानंतर उघडली तर सीट बेल्टला पांढरी बुरशी.

मधुरा_मिल्टन_कीन्स

बघायला येणाऱ्यांबद्दल एक धोक्याची सूचना. आमच्या ओळखीच्या एकांकडे तिघं जण आले. एक कागदपत्रं बघायच्या निमित्ताने ह्यांना घरात घेऊन गेला, दोघं बॉनेटपाशी. हे बाहेर येतात तर दोघं तोंड पाडून उभे, कूलंटच्या डब्यात तेल तरंगतंय, हेड गॅस्केट गेलंय म्हणाले, इंजिन संपलं, वाटल्यास शे-दोनशेला उचलतो. ते तेल त्यांनीच बाटलीतून ओतलेलं होतं. हा प्रकार इकडे चांगलाच पसरलेला आहे. यांना संशय आला कारण आदल्या दिवशीच त्यांनी कूलंटचा फोटो जाहिरातीत टाकला होता, स्वच्छ गुलाबी.

तेव्हा बॉनेट उघडं असताना गाडीपासून हलू नका, बघायला येणाऱ्यासमोर दोघं जण थांबा, आणि फोटो आधीच काढून ठेवा.

गोरेगाव_ते_ग्लासगो

बापरे. मी तर चहा करायला आत गेलो असतो.

देसाईकाका_हॅरो

चहा द्यायचा नाही. विकताना आदरातिथ्य करू नये, भाव उतरतो.

प्राची_आर

मला ओंकारच्या बायकोची बाजू घ्यायची आहे, सगळे "जशी आहे तशी विका" म्हणतायत ते मला पटत नाही. एमओटी नसलेल्या डिझेलला घेणारा कोण? एकतर ट्रकवाला डीलर, नाहीतर पार्ट काढणारा. दोघांचा भाव त्या वेबसाइटच्याच आसपास येणार, मग थेट विकायची एवढी उठाठेव कशाला? साधा कुटुंबवाला माणूस, ज्याला मुलांना शाळेत सोडायला गाडी हवी आहे, तो चालवून न बघता पैसे देणार नाही. एमओटीची फी कायद्याने जास्तीत जास्त ५४.८५ पाउंड आहे, बरीच गॅरेजेस त्याहून कमीत करतात. तेवढ्यासाठी गिऱ्हाईकं घालवायची?

केंटचा_केशव

@प्राची_आर आणि नापास झाली तर? निकाल ऑनलाइन कायमचा दिसतो, कुणीही नंबर प्लेट टाकून बघू शकतो. "एमओटी संपलेली" आणि "एमओटीत नापास, मागचे दोन्ही टायर आणि सबफ्रेमला गंज" यात फरक आहे. डेंजरस शेरा आला तर गॅरेजमधून चालवत परतही आणता येत नाही.

प्राची_आर

@केशव म्हणजे गंज आहे की नाही ते घेणाऱ्यालाच नंतर कळू दे, असं? आणि रस्त्यावर आणायला धोकादायक असलेली गाडी चालवण्यासाठी म्हणून विकणं हा इथे गुन्हा आहे, त्याच रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टचं कलम ७५. खाजगी विक्रेत्यालाही लागू. "जशी आहे तशी" लिहिलं म्हणून त्यातून सुटका नाही.

केंटचा_केशव

मी लपवा म्हणालो नाही, एमओटी नाही असं जाहिरातीत ठळक लिहा म्हणालो. सुट्या भागांसाठी किंवा दुरुस्तीसाठी, ट्रकवर घालून नेण्याच्या बोलीवर विकली तर कलम ७५ चा प्रश्न येऊ नये. पण ठीक आहे, मुद्दा घेतला.

अनघा_लीड्स

दोघांच्या मधला रस्ता आहे. एमओटी बुक करा, तात्पुरता इन्शुरन्स ओंकारने स्वतःच्या नावावर घ्यायचा, आणि ज्याला गाडी खरंच हवी आहे त्याला म्हणायचं, अमुक दिवशी मी एमओटीला नेतोय, शेजारी बसून चल. चालवणार ओंकार, टॅक्स नसला तरी ती खेप चालते, इन्शुरन्स आहे. गिअर कसे पडतात, ब्रेक ओढतोय का, सगळं शेजारच्या सीटवरून कळतं. गॅरेजमध्ये निकाल त्याच्या डोळ्यासमोर लागेल. पास झाली तर त्याला लॉगबुकमधली (म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदातली) हिरवी नवीन कीपर स्लिप द्या, त्यावरच्या बारा आकडी नंबरने तो फोनवरून तिथेच टॅक्स भरू शकतो, इन्शुरन्सही तिथेच घेईल, आणि चालवत घरी जाईल. नापास झाली तर कारण दोघांसमोर लेखी आहे, तेवढं वजा करून भाव ठरवा.

फक्त वाटेत "आता जरा मी घेतो" म्हणाला तर नाही म्हणायचं.

प्राची_आर

हे आवडलं.

केंटचा_केशव

हे मलाही आवडलं, पण लिहून ठेवा, गॅरेजच्या दारात भाव करणारा माणूस तुमच्याहून कसलेला असतो.

रेडिंगकर_ओंकार

अनघाताई, बेस्ट. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणते मी हेच म्हणत होते. ती हे म्हणत नव्हती, पण असो.

आता पैसे आणि कागदांचं सांगा. लॉगबुक माझ्या नावावर आहे, फायनान्स कधीच फिटलेला आहे.

देसाईकाका_हॅरो

फायनान्स फिटल्याचं पत्र असेल तर हाताशी ठेवा. लॉगबुक म्हणजे मालकीचा पुरावा नाही हे त्यावरच छापलेलं असतं, ते रजिस्टर्ड कीपर कोण एवढंच सांगतं. त्यामुळे शहाणा गिऱ्हाईक पैसे देऊन हिस्टरी चेक काढतोच, कर्ज आहे का, चोरीची आहे का, कधी राइट ऑफ झाली होती का.

पैसे बँक ट्रान्सफरने घ्या आणि तुमच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसेपर्यंत किल्ली देऊ नका. त्याच्या फोनवरचा "पेमेंट यशस्वी" स्क्रीन म्हणजे पैसे नव्हेत. पावती दोन प्रती, दोघांच्या सह्या, नाव, पत्ता, गाडीचा नंबर, मायलेज, रक्कम, तारीख आणि *वेळ*. वेळ का, तर त्याच संध्याकाळी त्याने स्पीड कॅमेऱ्यासमोरून उडवली तर नोटीस डीव्हीएलएच्या नोंदीतल्या नावावर जाते. तेव्हा गाडी कुणाकडे होती हे सांगता यायला हवं, नाही सांगितलं तर त्याचे वेगळे सहा पॉइंट.

म्हणून तो समोर उभा असतानाच डीव्हीएलएला ऑनलाइन कळवा, लॉगबुकवरचा अकरा आकडी नंबर लागेल. दोन मिनिटांचं काम आहे, कळवल्याचा ईमेल येतो, तो जपून ठेवा. न कळवल्यास दंड हजार पाउंडांपर्यंत. हिरवी स्लिप त्याला, बाकीचं लॉगबुक फाडून टाका, त्याला नवीन टपालाने जाईल.

स्लाउची_सून

आणि "मी नंतर करतो, माझा पत्ता बदलायचाय" असं म्हणणारा भेटला तर सौदा सोडा. आमच्या नात्यातल्या एकाने भिडेखातर असं सोडलं आणि मग यूलेझ, पार्किंग, सगळ्याची पत्रं त्याच्याच दारात. गाडी विकलेली, पण टपालाने रोज भेटायची.

मुठेकाठी

हे मात्र आमच्याकडेही डिट्टो. नाव ट्रान्स्फर न करता गाडी दिलेले लोक ई-चलन भरत बसलेत.

लेस्टरची_लेक

थोडं अवांतर, माझी इलेक्ट्रिक आहे. तिला टॅक्स नसतो ना, मग विकताना यातलं काहीच नाही?

केंटचा_केशव

१ एप्रिल २०२५ पासून इलेक्ट्रिकलाही टॅक्स लागतो. आणि त्याआधीही रक्कम शून्य होती तरी टॅक्स "करावा" लागायचाच, शून्य पाउंडांचा. नुसतं शून्य आहे म्हणून न केल्यामुळे पत्र आलेले लोक आहेत. विक्रीचे नियम सगळे तेच.

लेस्टरची_लेक

शून्य पाउंड भरले नाहीत म्हणून दंड. धन्य.

गोरेगाव_ते_ग्लासगो

आणि कुणीच नाही घेतली तर? भंगार?

मधुरा_मिल्टन_कीन्स

अधिकृत ठिकाणीच द्या, ते न्यायलाही येतात आणि नष्ट केल्याचं सर्टिफिकेट देतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये भंगाराचे पैसे रोख देणं बेकायदा आहे, तेव्हा नोटांची गड्डी दाखवणारा माणूस आला तर तुमची गाडी पुढे कुठल्या नावाने फिरेल सांगता येत नाही.

वेगवान_वसंत

मित्राने फोन उचलला नाही पण माझ्या इन्शुरन्स कंपनीने उचलला. कव्हर नाहीच. मित्राच्या पॉलिसीवर नेम्ड ड्रायव्हर म्हणून नाव घालायला सांगतो.

ओंकार, गाडी सॉर्न केली होतीत ते बरं केलंत. नुसता इन्शुरन्स बंद करून सॉर्न न करता सोडली असती तर उभ्या गाडीलाही शंभर पाउंडांची पेनल्टी असते असं ती बाई म्हणाली.

अनघा_लीड्स

बरोबर म्हणाली. २०११ पासून आहे तो नियम. आणि ओंकार, तुमचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा. पण वापरला नाही तर कंपन्या साधारण दोन वर्षंच मानतात, नॉटिंगहॅमला दुसरी गाडी घ्यायचा विचार असेल तर तारीख बघा. जुन्या कंपनीकडून लेखी मागवून ठेवा.

रेडिंगकर_ओंकार

सगळ्यांचे आभार. बॅटरी चार्जिंगला लावली आहे, कूलंटचा फोटो काढलाय (स्वच्छ, पण गुलाबी नाही, निळा आहे, चालेल ना?), एमओटी पुढच्या गुरुवारी बुक केली. जाहिरातीत सॉर्न आणि एमओटीची तारीख दोन्ही लिहिलंय, टेस्ट ड्राइव्ह नाही, शेजारी बसून या असंही लिहिलंय. पहिला मेसेज आलाय: "शेवटचा भाव?"

केंटचा_केशव

निळा चालतो, मॅन्युअलमध्ये तोच सांगितला असेल तर. वेगवेगळे मिसळू नका फक्त. मेसेजला उत्तर देऊ नका.

शुभा_काकू

धागा आत्ता वाचला. ओंकार, गाडी ऑटोमॅटिक आहे का रे? माझ्या भाच्याला पहिली गाडी हवी आहे, गेल्याच महिन्यात टेस्ट पास झालाय.

रेडिंगकर_ओंकार

काकू, मॅन्युअल आहे. पण आधी त्याला इन्शुरन्सचं कोट काढायला सांगा, गाडीचा नंबर मेसेज करतो. ते बघून झाल्यावर पण गाडी हवी असेल तर मग माझा भाव विचारा.

अनघा_लीड्स

आणि त्याला सांगा, टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्सच जातं, परत पहिल्यापासून टेस्ट. कुणी "घरापर्यंत तर आहे" म्हणालं तरी विम्याशिवाय चाकं फिरवायची नाहीत.

शुभा_काकू

कोट आलं. तो बसनेच जातो म्हणतोय.